पुळणीतला टॉवर: खोल नको, रुंद हवा

प्रश्न: मी तारकर्लीत राहतो, हायस्कुलात शिकवतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा आमच्या वाडीतली वीज गेली, मोबाइलही बंद पडले. त्यानंतर परीक्षा देऊन मी हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, परवाना घेतला. आता घरामागे १५ मीटर उंचीचा, ताणाच्या तारा नसलेला लोखंडी जाळीचा टॉवर उभारायचा आहे. जमीन सगळी पुळण, म्हणजे किनाऱ्याची सुटी वाळू. गवंडी म्हणतात, चार फूट बाय चार फूट, सात फूट खोल खड्डा घेऊ आणि काँक्रीटने भरू. फेब्रुवारीत खणून पाहिलं तर पाच फुटांवर पाणी लागलं, कडाही ढासळत राहिल्या. पाया कसा घ्यावा?
— एक वाचक, ता. मालवण

उत्तर: सर, तुमचे गवंडी चुकीचं काम करणारे नाहीत. त्यांचा हात कातळावर आणि जांभ्या मातीत बसलेला आहे. तिथे अरुंद, खोल खड्डा उत्तम, कारण चारी बाजूंची घट्ट माती काँक्रीटला धरून ठेवते. पुळण असं धरत नाही. मूठभर कोरडी वाळू हातात घेऊन दाबा आणि मूठ उघडा, लगेच कळेल.

टॉवर वजनाने खचेल ही भीती मनातून काढा. लोखंडाचं ते ओझं वाळू सहज पेलते. खरा प्रश्न उलथण्याचा आहे. दक्षिण कोकण-गोव्याच्या पट्ट्यात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. तुमच्याकडे समोर उघडा समुद्र आहे, म्हणून मी दर चौरस मीटरला ११० किलो दाब धरतो. वाऱ्याला अडणारी जागा टॉवरची ३ आणि अँटेनाची १ चौरस मीटर मानली, तर पायाच्या तळाशी उलथवणारा जोर साडेचार टन-मीटरच्या थोडा वर जातो (टन-मीटर म्हणजे टनांतला जोर गुणिले मीटरमधलं अंतर).

आता पाणी. फेब्रुवारीतले पाच फूट विसरा. घराच्या विहिरीत डोकावा आणि आतल्या चिऱ्यांवर शेवाळाची सगळ्यात वरची रेघ कुठे आहे ते पाहा. श्रावणात पाणी तिथवर येतं. पाण्यात बुडालेल्या काँक्रीटचं वजन घनमीटरला २.४ टनांवरून १.४ टनांवर येतं. गवंड्यांच्या खड्ड्यात सुमारे ३ घनमीटर काँक्रीट बसेल. बुडाल्यावर ते साडेचार टनांच्या आतच भरेल, आणि काठापासून मध्यापर्यंतचं अंतर जेमतेम दोन फूट. म्हणजे ते धरणार पावणेतीन टन-मीटर, आणि वारा मागणार साडेचार.

तेवढंच काँक्रीट आडवं पसरा. २.४ मीटर बाय २.४ मीटरची, ४० सेंटिमीटर जाडीची पाटी, तळ जमिनीखाली १.२ मीटरवर. तिच्या मधोमध एक मीटर चौरस खांब वर आणा. पाटीवर पुन्हा वाळू भरा. त्या वाळूचंही वजन कामाला येतं, आणि अख्खा पाया बुडाला तरी सुमारे ९ टन-मीटर मिळतात. जोराच्या जवळजवळ दुप्पट! शिवाय तुमच्या पाच फुटी पाण्याच्या वरच तळ राहतो, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये काम केलंत तर पंप लावायची वेळच येत नाही. तुमच्या बागेतला माडही असाच उभा आहे. त्याला सोटमूळ नसतं, मुळांचा गुच्छ आडवा पसरतो.

खणण्याबद्दल मात्र कळकळीने सांगतो. कडा उभ्या ठेवू नका. एका किनाऱ्यावरच्या कामात आम्ही दीड मीटरचा खड्डा उभाच घेतला होता. सकाळी ओलसर वाळू भिंतीसारखी उभी होती. दुपारी ऊन लागून ती सुकली आणि माणसं जेवायला गेलेली असताना सबंध एक बाजू सळयांच्या पिंजऱ्यावर आली. आत दोघं जण वाकून तारा बांधत असायचे, त्याच जागी. म्हणून एक मीटर खोलीला दीड मीटर उतार द्या. तुमचा खड्डा वरून सहा मीटर रुंद होईल. होऊ द्या.

काँक्रीट एम-३० या ताकदीच्या दर्जाच्या खाली नको, आणि स्लॅग किंवा पोझोलाना सिमेंट घ्या. खड्ड्यातून निघालेली वाळू काँक्रीटमध्ये अजिबात घालू नका, तिच्यातलं मीठ सळ्या खातं. कालवायचं पाणीही तपासून घ्या, लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको. सळ्यांची जाळी पाटीत खाली आणि वर, दोन्हीकडे हवी. वारा टॉवर ओढतो तेव्हा एका बाजूची पाटी वरच्या वाळूला उचलू पाहते आणि वरच्या अंगाला ताण येतो. सळ्यांभोवती ७५ मिलिमीटर काँक्रीट राहील असे सिमेंटचे ठोकळे ठेवा, चिऱ्याचे तुकडे नकोत. हे सगळे आकडे ढोबळ आहेत. टॉवर बनवणाऱ्याकडून वाऱ्याच्या जोराचा कागद घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सळ्या ठरवून घ्या.

परत भरताना धुमसाने वाळू बसत नाही, ती बाजूला सरकते. वीस-वीस सेंटिमीटरचे थर, पाणी आणि भाड्याचा प्लेट व्हायब्रेटर. वरून वीतभर जांभी माती आणि हरळी, नाहीतर वाऱ्याने वाळू उडून पाटीवरचं वजनच निघून जाईल. खांब जमिनीच्या वर सहा इंच ठेवा, माथ्याला उतार द्या.

वीज पडण्याचा विचारही आत्ताच करा. कोरडी वाळू अर्थिंगला वाईट. तुमच्याकडे पाणी जवळ आहे, तेव्हा तीन मीटरचे रॉड उन्हाळ्यातल्या पाण्याच्या खाली पोचवा आणि पट्टीने टॉवरच्या पायांना जोडा.

आणि काँक्रीट ओतण्याआधी फाउंडेशन बोल्टांचे (टॉवरचे पाय पायाला जखडणाऱ्या बोल्टांचे) कर्ण स्वतः टेपने मोजा, ओतून झाल्यावर काँक्रीट ओलं असतानाच पुन्हा एकदा मोजा. काँक्रीट बसवणारा व्हायब्रेटर फिरला की बोल्ट हलतात, आणि दुसऱ्या दिवशी ते जागेवर आणता येत नाहीत.