पडद्यावरचे कोकण कोणाचे?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या चित्रपट मंडळाने नुकताच आमच्याच तालुक्यात घडणारा एक मराठी चित्रपट दाखवला. त्यात कोळी, मुसलमान, कुणबी, ब्राह्मण, चाकरमानी अशी सर्व माणसे असल्याने तो प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने आदर्श आहे, असे बहुतेकांचे मत पडले. हर्णै बंदरावरच्या एका सभासद भगिनींनी मात्र ‘आमच्या बायका फक्त गाण्यापुरत्या आहेत’ असा आक्षेप घेतला. चित्रपटातील वैविध्य नेमके कसे तपासावे?
— एक वाचक, दापोली

उत्तर : भगिनींचा आक्षेप रास्त आहे. डोकी मोजणे सोपे असल्याने बहुतेक चर्चा तेथेच थांबतात. अमेरिकी व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५ सालच्या व्यंगचित्रमालिकेतून एक कसोटी रूढ झाली : चित्रपटात किमान दोन स्त्रिया असाव्यात, त्या एकमेकींशी बोलाव्यात आणि ते बोलणे पुरुषाखेरीज अन्य विषयावर असावे. वर्षभराच्या मराठी चित्रपटांना ही कसोटी लावली, तर काही कळेल. पण एकाच चित्रपटाचा निकाल तिच्यावर लावू नये. वादळात एकट्या सापडलेल्या तांडेलाची, म्हणजे होडीच्या प्रमुखाची, कथा तीत नापास होईल, आणि त्यात दिग्दर्शकाचा काही दोष नसेल.

त्यापेक्षा कथानक कोणाच्या निर्णयाने वळते, हे पाहावे. हर्णैच्या मासळीच्या लिलावाचेच घ्या. पडद्यावर तो बहुधा रंगीत लुगडी, पाट्या आणि ड्रोनने टिपलेल्या होड्या एवढाच असतो. प्रत्यक्षात वाळूवर मासळीचे वाटे पडतात, बोली चढू लागते, आणि कितीपर्यंत जायचे, घेतलेला माल आजच विकायचा, बर्फात ठेवायचा की सुकवायचा, याचा हिशेब बाई उभ्या उभ्या करते. एवढ्या प्रसंगात एक अख्खे पात्र उभे राहू शकते. तो सोडून तेथे गाणे घातले असेल, तर ती बाई कितीही वेळा दिसली तरी नेपथ्याचाच भाग राहते.

कोकणात भाषेचा प्रश्न टाळता येत नाही. मालवणी ही प्रामुख्याने सिंधुदुर्गाची बोली; पण रंगभूमीने ती महाराष्ट्रभर पोहोचवल्यामुळे असेल, दापोलीच्या कथेलाही सर्रास तोच हेल लावला जातो. त्याहून खटकते ते हे, की नायक-नायिका प्रमाण मराठीत प्रेम करतात आणि बोली गडी, म्हातारी व विनोदी पात्रे यांच्या वाट्याला येते. किनाऱ्यावरच्या मुस्लिम घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोकणी बोलली जात असता पडद्यावरचा मुसलमान हिंदीच बोलतो, हा तर निव्वळ आळस.

कोण दिसलेच नाही, तेही नोंदवावे. आंब्याच्या बागांची राखण आणि मच्छिमार बोटींवरचे खलाशीकाम आज अनेक ठिकाणी नेपाळी कामगार करतात. पडद्यावर ते क्वचितच भेटतात. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच कोकणाच्या चित्रणात कॅमेरा देवळापासून निघून बौद्धवाडीच्या अलीकडेच परततो, याचा जाब विचारायलाच हवा.

श्रेयनामावलीही वाचावी. ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी २०२४ च्या पुरस्कारांपासून समावेशनाच्या चारपैकी दोन निकषांची पूर्तता आवश्यक आहे, आणि त्यांत पडद्यामागच्या माणसांचाही विचार होतो. आपल्याकडे तसा नियम नसला, तरी संवाद कोणी लिहिले आणि बोली कोणी तपासली, हे पाहता येते.

पुढील चर्चेला त्या भगिनींबरोबर बंदरावरच्या आणखी चारपाच जणींना बोलवावे, आणि वेळ मात्र संध्याकाळचा लिलाव आटोपल्यानंतरची ठेवावी.