अल्झायमरमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदूला इजा करते का?

हो, करते, पण आधी तीच मेंदूला सांभाळतही असते. मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी म्हणजे तिथले सफाई कामगार. या आजारात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रथिनाचा गोळा दिसला की त्या त्याला वेढा घालून थोडा थोडा गिळतात. वर्षानुवर्षं हेच चाललं की त्या चिडलेल्याच राहतात, दाह वाढवणारी रसायनं सोडतात; उंदरांमध्ये तर त्या चेतापेशींमधले जोडही खाताना दिसल्या आहेत. मायक्रोग्लियांचा आजाराशी संबंध असल्याचा भक्कम पुरावा 2013चा: या पेशींच्या ट्रेम-2 जनुकातल्या एका दुर्मीळ बदलाने आजाराचा धोका दुपटीहून अधिक वाढतो. मात्र म्हणून सूज उतरवणाऱ्या गोळ्या सुरू करू नका. नेप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब वापरून मोठी चाचणी झाली, तरी आजार टळला नाही.