प्लेस्टेशन १ चं मेमरी कार्ड भरलंय, दुसरं मधेच 'अनफॉर्मॅटेड' दाखवतंय. जुने सेव्ह कसे वाचवू?

सगळ्यात आधी एक, स्क्रीनवर फॉर्मॅट करू का असं आलं की 'नो' दाबा, दर वेळी 'नो'च. कन्सोल असं विचारतोय म्हणजे सेव्ह गेले असं अजिबात नाही. बऱ्याच लोकांचे सेव्ह कार्ड बिघडल्यामुळे जात नाहीत, त्या एका 'येस'मुळे जातात, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं कारण त्यातले बरेचसे आरामात वाचले असते.

तुम्ही लिहिलंय की एक कार्ड पूर्ण भरलंय, दुसरं कधी दिसतं कधी नाही, आणि जवळ पीएस२ पण आहे तर सगळं पीसीवर घेता येईल का. येईल. पण आधी आत काय चाललंय ते समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं.

पीएस१ च्या ओरिजिनल कार्डात १२८ केबी जागा असते, तिचे १६ ब्लॉक, एकेक ८ केबीचा. पहिला ब्लॉक कार्ड स्वतःकडे ठेवतं म्हणून आपल्याला १५ च मिळतात. त्या पहिल्या ब्लॉकच्या अगदी सुरुवातीला एम आणि सी ही दोन अक्षरं असतात आणि त्यामागोमाग यादी, कुठला सेव्ह कुठे आहे, तो पुढे कुठल्या ब्लॉकात जातो वगैरे. कन्सोलला ही सुरुवातच नीट वाचता आली नाही की तो सरळ धरून चालतो की कार्ड कोरं आहे. आता नीट वाचता न येण्याचं कारण बहुतेक वेळा काय असतं तर कॉन्टॅक्टवरचा मळ, किंवा स्लॉटमधल्या पिना सैल झालेल्या. कार्डात बॅटरी नसते, फ्लॅश मेमरी असते, त्यामुळे नव्वदच्या दशकातले सेव्ह आजही तसेच्या तसे निघतात. (निन्टेंडो ६४ चा कंट्रोलर पॅक किंवा सेगा सॅटर्नची आतली मेमरी यांचं तसं नाही, तिथे सेल संपला की सेव्ह पुसले जातात. तसलं काही जवळ असेल तर ते काम आधी हातात घ्या, पीएस१ थांबू शकतो.)

तर कार्ड बाहेर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घ्या, कार्डाचे कॉन्टॅक्ट पुसा, पूर्ण वाळू द्या. स्लॉट साफ करायचा तर कन्सोल बंद करून, प्लग काढून. पॉलिश पेपर वगैरे घासू नका, वरचा मुलामा निघतो आणि मग कायमची कटकट. मग कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा, तुमच्याकडे पीएस२ आहे ना, त्यात पण घाला, पीएस१ चं कार्ड त्याच्या स्लॉटमध्ये चालतं. एका मशीनवर दिसतं आणि दुसऱ्यावर नाही असं झालं तर दोष बहुधा कार्डाचा नाही, स्लॉटचा.

दिसलं की लगेच गेम लावू नका. आधी कॉपी. म्हणजे एकेक सेव्ह नाही, अख्ख्या कार्डाची इमेज, म्हणजे सगळं कार्ड जसंच्या तसं एका फाइलमध्ये. यासाठी मला मेमकार्डरेक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर सगळ्यात बरं वाटतं, ते पीसीवर चालतं, आणि कार्ड पीसीला जोडायला दोन सरळ रस्ते आहेत. एक म्हणजे सोनीने पीएस३ साठी काढलेला यूएसबी मेमरी कार्ड अडॅप्टर, जुना मिळाला तर घ्याच. दुसरा म्हणजे आर्डुइनो बोर्ड (पीसीवरून प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), त्यावर मेमकार्डुइनो हा प्रोग्रॅम टाकायचा आणि कार्डाच्या पिनांना वायरी जोडायच्या, थोडं हात चालवायची तयारी हवी पण अवघड नाही. वाचायला वेळ लागतो, लागू दे.

आता जी फाइल येईल, नावाच्या शेवटी एमसीआर किंवा एमसीडी असलेली, ती बरोबर १,३१,०७२ बाइटची असायला हवी. (डेक्सड्राइव्ह या कार्ड पीसीला जोडायच्या जुन्या यंत्राची जीएमई फाइल १,३४,९७६ ची असते कारण तिला पुढे स्वतःचं हेडर असतं, ती पण मेमकार्डरेक्स उघडतो.) तुमचं ते लहरी कार्ड मात्र एकदा वाचून सोडू नका, दोनदा वाचा आणि दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या आहेत का ते तपासा. फरक आला तर अजून कॉन्टॅक्ट नीट होत नाहीये, परत पुसा, परत वाचा. सारख्या आल्या की एक प्रत पीसीवर, एक दुसरीकडे कुठेतरी, नावात तारीख घाला आणि ती मूळ फाइल कधीच बदलू नका, जे काय करायचं ते कॉपीवर.

आणि हो, पूर्वी कधी डिलीट केलेले सेव्ह पण सापडू शकतात! डिलीट करताना कन्सोल यादीतली फक्त खूण बदलतो, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून नाव खोडावं तसं, पानं जागेवरच असतात. त्या ब्लॉकवर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर मेमकार्डरेक्समध्ये तो सेव्ह पुसट दिसतो आणि रिस्टोर करता येतो. म्हणूनच म्हणतोय की आधी इमेज, मग खेळणं.

भरलेल्या कार्डाचं काय करायचं. इमेज हातात असली की बिनधास्त जागा करा, पण संपवलेला गेम म्हणून सेव्ह काढला असं करू नका. सुइकोडेन २ पहिल्या भागाचा सेव्ह वाचतो आणि त्यातला नायक मॅकडोल परत भेटायचा असेल तर तो सेव्ह कार्डावर लागतोच. मेटल गिअर सॉलिडमधला सायको मँटिस हा खलनायक तर तुमचं कार्ड वाचून त्यावर कोनामी कंपनीचे कुठले गेम आहेत ते बोलून दाखवतो, १९९८ च्या गेममध्ये हे बघून मी थक्क झालो होतो, आणि रिकाम्या कार्डावर ती मजाच जाते. मी काय काढतो तर रीप्ले आणि घोस्ट डेटा (रेसिंग गेममध्ये आपल्याच जुन्या फेरीची नोंद), एकेक बरेच ब्लॉक खातात आणि परत कुणी बघत नाही. फायनल फँटसी ७ चा सेव्ह एका ब्लॉकचा असतो पण माणूस १५ च्या १५ जागा त्यानेच भरतो, त्यातले शेवटचे दोन-तीन ठेवले तरी पुरे. शक्य असेल तर मोठ्या गेमला वेगळं कार्ड आणि कार्डावर लेबल, एवढ्यानेच अर्धा गोंधळ कमी होतो.

बटण दाबून पान बदलणारी ती मोठ्या साइजची कार्डं मिळतात, आत १५-१५ ब्लॉकची अनेक पानं असतात, ती मी महत्त्वाच्या सेव्हसाठी वापरत नाही. सेव्ह चालू असताना चुकून पान बदललं की तो सेव्ह गेलाच समजा.

पीएस२ बद्दल लोकांचा एक घोळ नेहमी होतो. पीएस२ च्या ब्राउझरमधून (डिस्क न घालता चालू केल्यावर येणारा कन्सोलचा स्वतःचा मेन्यू, इंटरनेटचा नाही) पीएस१ चा सेव्ह ८ एमबीच्या पीएस२ कार्डावर कॉपी होतो, पण पीएस१ चा गेम तो तिथून वाचत नाही, खेळायचं असेल तेव्हा परत पीएस१ च्या कार्डावर आणावा लागतो. म्हणजे ते कपाट म्हणून चांगलं, तेवढंच. आणि खुद्द पीएस२ चे सेव्ह पीसीवर घ्यायचे असतील तर फ्री मॅकबूट (पीएस२ वर बाहेरचे प्रोग्रॅम चालवू देणारं सॉफ्टवेअर) असलेलं कार्ड, एक फॅट३२ पद्धतीने फॉर्मॅट केलेला पेनड्राइव्ह आणि यूलाँचएल्फ हा फाइली कॉपी करायचा प्रोग्रॅम. त्यात सेव्हचं फोल्डर कॉपी करून साधं पेस्ट करू नका, मेन्यूतलं पीएसयू पेस्ट निवडा, म्हणजे तारखा आणि बाकीची माहिती एका फाइलमध्ये नीट राहते. ब्राउझर जे सेव्ह कॉपी करू देत नाही ते पण असे निघतात. फक्त ९०००० मालिकेतल्या उशिरा निघालेल्या स्लिम मशीनवर फ्री मॅकबूट चालत नाही, घ्यायच्या आधी मॉडेल नंबर बघा.

नेटवरून सेव्ह उतरवणार असाल तर रीजन जुळवा. अमेरिकन डिस्कचा सेव्ह युरोपियन डिस्कला दिसतच नाही कारण फाइलच्या नावात डिस्कचा कोड असतो, बीए ने सुरू होणारे अमेरिकेचे, बीई युरोपचे, बीआय जपानचे. कार्डावर दिसतो पण गेममध्ये दिसत नाही अशी तक्रार असली की मी पहिलं हेच विचारतो.

राहिलं तुमचं ते लहरी कार्ड. इमेज निघाली आणि ती एम्युलेटरमध्ये (पीसीवर पीएस१ चे गेम चालवणारा प्रोग्रॅम) लावून सेव्ह लोड होतायत हे बघितलं की मगच त्याला फॉर्मॅट करून इमेज परत लिहून बघा. लिहिल्यावर पुन्हा वाचा, फाइल मूळ इमेजशी जुळली तर कार्ड वापरायला हरकत नाही. नाही जुळली तर तीच इमेज दुसऱ्या चांगल्या कार्डावर लिहा, शक्यतो मागे एससीपीएच-१०२० लिहिलेल्या सोनीच्या ओरिजिनलवर. साफ करूनही दोन्ही मशीनवर काहीच दिसत नसेल तर इथेच खाली सांगा, स्क्रीनवर नक्की काय शब्द येतात ते पण लिहा.