पंचमस्तंभी: हा पाचवा खांब आला कुठून?

‘वृत्तपत्रं जर लोकशाहीचा चौथा स्तंभ, तर पंचमस्तंभी म्हणजे घरभेदी कसा?’ असा प्रश्न आला आहे. प्रश्न रास्त आहे. घोळ भाषांतराने घातलाय.

या शब्दातला स्तंभ खांब नव्हेच. स्पॅनिशमध्ये ‘कोलुम्ना’ म्हणजे खांब, आणि कूच करणारी फौजेची तुकडीसुद्धा. मराठीत आणणाऱ्याने पहिला अर्थ उचलला. ‘पाचवी फळी’ म्हटलं असतं तर हा प्रश्न पडलाच नसता.

शब्द १९३६च्या स्पेनच्या यादवीतला. प्रजासत्ताक सरकारविरुद्ध सैन्यातल्या सेनापतींनी बंड केलं होतं, आणि माद्रिद सरकारच्या हातात होतं. ‘माद्रिदवर चार तुकड्या चालून येताहेत, पाचवी शहरातच आहे,’ असं बंडखोरांचा जनरल मोला म्हणाल्याचं सांगतात. गंमत अशी की शब्द गाजवला तो त्याच्या शत्रूंनी: ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच तो माद्रिदच्या कम्युनिस्ट दैनिकात झळकला.

पाचवीचं एवढं नाव झालं, पण चालून येणारे कोण होते? त्यांत मोरोक्कोचे मुसलमान शिपाई मोठ्या संख्येने होते. जेमतेम दहा वर्षांपूर्वी याच स्पॅनिश सैन्याने मोरोक्कोतल्या रिफच्या डोंगरांतल्या गावांवर विषारी वायू सोडला होता. आता त्याच मुलखातली माणसं गरिबीपायी पगारावर भरती झाली आणि ज्या लढाईला बिशप ‘धर्मयुद्ध’ म्हणत होते, तीत कॅथलिकांच्या बाजूने लढली.

आणि आतली पाचवी? तेव्हा तिची नीट बांधणी झालेली नव्हती. ती पुढे झाली. धास्ती मात्र खरी होती. नोव्हेंबर १९३६मध्ये माद्रिदच्या तुरुंगांतले कैदी शहराजवळच्या पाराकुएयोसला नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. बळी दोन हजारांच्या वर. ते पंचमस्तंभी ठरतील, ही भीती त्यामागे होती.

जाता जाता: या युद्धात आपल्याकडचाही एक माणूस होता. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, संघाचे सुरुवातीचे सरकार्यवाह, प्रजासत्ताकाच्या बाजूने परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये ‘जॉन स्मिथ’ म्हणून लढले आणि १९३८मध्ये बंडखोरांचा नेता फ्रँको याच्या कैदेत पडले. नाव खोटं, पण बंदूक उघड. म्हणजे पंचमस्तंभीच्या बरोबर उलट.

आता वापराचं. किल्लेदार पैसे घेऊन दरवाजा उघडतो, तो फितूर. पंचमस्तंभी पहिल्यापासून मनाने पलीकडचाच असतो, फक्त राहतो आत. त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर पक्ष बदलणाऱ्याला हा शब्द लावू नये. त्याच्यासाठी फितूर आहे, फारच झालं तर दलबदलू.