कीबोर्डवर सँपल्ड गिटार खरी का वाटत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परभणीत ऑर्केस्ट्रात ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड वाजवता. लॅपटॉपवर गिटारची सँपल लायब्ररी (खऱ्या गिटारचे सूर रेकॉर्ड करून बनवलेला संच) टाकली. एकेक सूर अस्सल वाटतो, पण गाण्यात वाजवायला घेतली की ऐकणारा लगेच म्हणतो, 'हा कीबोर्ड आहे'. तर आता महागडी लायब्ररी घ्यावी का?

घेऊ नका. एकेक सूर अस्सल वाटतोय म्हणजे सँपलने आपलं काम केलंय. बिघाड हातात आहे. हात पेटीचा आणि आवाज गिटारचा, एवढाच घोटाळा. अँपल साउंडची 'एम लाइट' ही अकूस्टिक गिटारची लायब्ररी फुकट मिळते, शिकायला तीही पुरते.

पहिलं काम कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) मोडून पुन्हा बांधायचं. कीबोर्डवर आपण सी मेजर म्हणजे सी-ई-जी असे तीन सूर जवळजवळ दाबतो. गिटारवर तो तसा बसतच नाही. गिटारच्या सहा मोकळ्या तारा मिडी नंबरात (प्रत्येक सुराचा ठरलेला क्रमांक) ४०, ४५, ५०, ५५, ५९ आणि ६४ (मधला सी म्हणजे ६०). सी मेजर पाच तारांवर वाजतो: ४८, ५२, ५५, ६०, ६४. ए मायनर: ४५, ५२, ५७, ६०, ६४. जी मेजर सहाही तारांवर: ४३, ४७, ५०, ५५, ५९, ६७. जी एका हातात मावणार नाही. खालचे तीन डाव्या हाताने, वरचे तीन उजव्या हाताने. सी आणि ए मायनर शेजारी ठेवून बघा. ५२, ६०, ६४ हे तीन सूर दोन्हीत तेच, कारण गिटारवाला तिथे एकच बोट हलवतो. कॉर्ड बदलताना सगळा हात उचलून दुसरीकडे आपटायची पेटीची सवय इथेच उघडी पडते. असे आठ-दहा कॉर्ड पाठ केले की निम्मं काम झालं.

आता सस्टेन पेडल, म्हणजे बोट उचललं तरी सूर लांबवणारं पेडल. माझ्या मते सगळ्यात जास्त गिटारी याच पेडलने मारल्यात. गोंधळ्याचं तुणतुणं आठवा. तार एकच; पुन्हा छेडली की आधीचा नाद तिथेच तुटतो. गिटार म्हणजे अशा सहा तारा, प्रत्येकीवर एका वेळी एकच सूर. पेडल दाबून सी वरून जी वर गेलात तर ४८ आणि ४७ दोन्ही घुमत राहतात. खऱ्या गिटारवर हे दोन्ही सूर ए तारेवरचे, एकत्र वाजणं शक्यच नाही. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण कानाला ते खटकतं. चांगल्या लायब्ररीत तारेचा हा हिशेब आतच असतो. कीबोर्डच्या स्वतःच्या गिटार टोनमध्ये सहसा नसतो. म्हणून पेडलवरून पाय काढा आणि सूर बोटाने धरा. कॉर्ड बदलायच्या अर्धी मात्रा आधी हात सोडला तरी चालतं. गिटारवाल्याचा हातही त्या क्षणी हवेतच असतो, बऱ्याचदा त्या शेवटच्या अपस्ट्रोकला (हात खालून वर जाताना) नुसत्या मोकळ्या तारा वाजून जातात.

स्ट्रम, म्हणजे एका फटक्यात तारा छेडत जाणं. सहा सूर एकाच क्षणी वाजले की तो पियानो झाला. डाउनस्ट्रोकमध्ये (हात वरून खाली) जाड तारेकडून बारीक तारेकडे जायचं आणि दोन तारांत ४ ते ६ मिलिसेकंदांचं अंतर ठेवायचं. संथ गाण्यात १२ ते १८. रेकॉर्डिंग करत असाल तर हे पियानो रोलमध्ये (सॉफ्टवेअरमधला सुरांचा तक्ता) सूर सरकवून करा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत आणि मात्रेला ४८० टिक (सॉफ्टवेअरचं वेळेचं बारीक माप) असतील तर एक टिक जवळपास एक मिलिसेकंद, हिशेब सोपा आहे. जाड तार ठोक्याच्या १०-१५ मिलिसेकंद आधी सुरू करा, नाहीतर गिटार सतत मागे पडल्यासारखी वाटते. अपस्ट्रोक उलटा, बारीक तारेकडून, आणि फक्त वरच्या तीन-चार तारा. अपस्ट्रोकलाही सहाच्या सहा सूर वाजवणं ही दुसरी मोठी चूक. स्टेजवर एवढं बोटांनी जमत नाही, तिथे चार सूर पुरेत. उजवं मनगट अंगठ्याकडून करंगळीकडे कलतं करत कॉर्ड दाबायचा. लायब्ररीत तयार स्ट्रम पॅटर्न असतात, पण तोच पॅटर्न मुखडा-अंतरा सगळीकडे फिरवला की पुन्हा मशीन दिसते.

जोर, म्हणजे व्हेलॉसिटी (माप १ ते १२७). डाउनला ८५ ते १०५, अपला ६० ते ७५, आणि एकाच कॉर्डमधल्या सुरांतही पाच-दहाचा फरक. ११५ च्या वर क्वचितच जा. बऱ्याच लायब्ररीत तिथे तार आपटल्याचा वेगळा सँपल ठेवलेला असतो आणि तो मध्येच खणकतो. सगळं १२७ वर जात असेल तर कीबोर्डचा टच 'हार्ड' करून बघा. एकच सूर भराभर वाजवताना टाइपरायटरसारखा येत असेल तर राउंड रॉबिन (तोच सूर दरवेळी वेगळ्या सँपलने वाजवायची सोय) चालू आहे का ते तपासा.

तुमच्या ६१ पट्ट्यांची एक अडचण प्रश्नात आली नाही, पण ती येणार. तुमची सगळ्यात खालची पट्टी ३६ आणि गिटार सुरू होते ४० ला. म्हणजे पाम म्यूट (तळहाताने दबलेली तार), स्लाइड, हार्मोनिक (तारेला हलका स्पर्श करून काढलेला सूर) यांच्या कीस्विचला (सूर न वाजवता वादनाचा प्रकार बदलणाऱ्या पट्ट्या) खाली चारच पट्ट्या उरतात. लायब्ररी बदलू देत असेल तर कीस्विच वर ८५ ते ९६ मध्ये न्या. अकूस्टिक गिटार साधारण ८४ पर्यंतच जाते, त्यामुळे तिथे जागा मोकळी असते. मॅन्युअलमध्ये 'सी १' लिहिलंय आणि दाबून काही होत नाही, तर एक सप्तक वर-खाली बघा. यामाहा ६० ला सी ३ म्हणते, इतर बरेच जण सी ४.

आणि ट्रान्स्पोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणं. गायक काळी एकमध्ये (सी शार्प) गाणार असेल तर गिटारवाला पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून सीचेच आकार धरतो. काळी दोनला (डी शार्प) तिसऱ्या पडद्यावर कॅपो. तुम्हीही सीचेच आकार वाजवा आणि ट्रान्स्पोज वाढवा, कारण मोकळ्या तारांचा तो नाद बारे कॉर्डमध्ये (एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरलेला) येत नाही. पण ट्रान्स्पोज कीबोर्डवर केलं की कीस्विचही सरकतात आणि ऐन गाण्यात म्यूटच्या जागी हार्मोनिक लागतो. ते सॉफ्टवेअरमध्ये करा, फक्त गिटारच्या सुरांना.

सोलो वाजवताना मींड फक्त वर जाते. बोटाने तार ओढली की सूर चढतोच, मूळ सुराच्या खाली जात नाही. व्हायब्रेटोही तसाच, मूळ सुरावरून वर आणि परत. पिच व्हील (सूर वर-खाली ओढणारं चाक) मध्याच्या खाली नेलं की ते सिंथसारखं ऐकू येतं. बेंड रेंज दोन सेमीटोन ठेवा, म्हणजे व्हील पूर्ण वर म्हणजे एक पूर्ण स्वर. घसीट मात्र व्हीलने करू नका. पडद्यांवरून घसरताना सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराच्या पायऱ्यांनी जातो, गुळगुळीत नाही. त्यासाठी लायब्ररीतला स्लाइडच वापरा. व्हील सगळ्याच सुरांना ओढतं, म्हणून कॉर्ड धरून त्यावर मींड घेऊ नका.

इलेक्ट्रिक गिटारसाठी एवढंच: डिस्टॉर्शनवर (रॉकमधला फाटका आवाज) पूर्ण कॉर्ड चिखल होतो, ४०-४७-५२ असा पॉवर कॉर्ड वाजवा आणि सॉफ्टवेअरमध्ये अँपनंतर कॅबिनेट (स्पीकरच्या पेटीचा इफेक्ट) लावायला विसरू नका, नाहीतर माशी घोंगावल्यासारखं येतं.

मंडपात बफर (लॅपटॉप आवाज ज्या तुकड्यांत पाठवतो त्यांचा आकार) १२८ ठेवलात तर त्याचा उशीर तीन मिलिसेकंदांच्या आसपास. मे महिन्यात लॅपटॉप तापून आवाज तुटायला लागला तर २५६ करा, सहा मिलिसेकंद बोटांना कळत नाहीत. चार्जर लावल्यावर घूं आवाज येत असेल तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ग्राउंड लिफ्टवाला (ऑडिओ वायरची ग्राउंड तोडणारा) डीआय बॉक्स घाला. चार्जरची अर्थिंगची पिन तोडू नका. आणि साउंडवाल्याचा मिक्सर मोनोवर असेल तर गिटारही आधीच मोनो करून द्या, स्टिरिओ एकत्र झाला की गिटार पोकळ लागते.