फारसे कोणी न पाहिलेले, पण आवर्जून पाहावेत असे चित्रपट कोणते?

आपण विचारले आहे की गाजलेले तेच ते चित्रपट पाहून कंटाळा आला आहे, रात्री जेवणानंतर वडीलही सोबत पाहायला बसतात, ते कपाशीची शेती करतात आणि पडद्याखाली येणारा इंग्रजी मजकूर त्यांना वाचता येत नाही. तर दुर्लक्षित राहिलेल्या चित्रपटांपैकी कोणते पाहावेत? मी धुळ्यात राहतो. असे चित्रपट शोधून पाहण्याची आणि ओळखीच्यांना दाखवण्याची मला जुनी आवड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एखादा चित्रपट कोणाला ठाऊक नाही एवढ्यावरून तो चांगला ठरत नाही, हे आधी सांगायला हवे. विस्मरणात गेलेले पुष्कळ चित्रपट तिथेच राहिले तरी काही बिघडत नाही. निवड करताना मी एकच गोष्ट पाहतो. पडद्यावरची माणसे पोटासाठी जे काम करतात, ते दिग्दर्शकाने नीट, वेळ देऊन पाहिले आहे का? ज्याने ते पाहिले आहे, त्याचा चित्रपट आपल्याकडच्या शेतकऱ्याला किंवा कामगाराला परका वाटत नाही, मग तो कुठल्याही देशातला असो.

म्हणूनच वडिलांसोबत पाहण्यासाठी मी पहिला चित्रपट जपानचा सुचवतो. कानेतो शिंदो यांचा १९६० सालचा ‘द नेकेड आयलंड’. यात जवळजवळ एकही संवाद नाही, त्यामुळे वाचण्याचा प्रश्नच उरत नाही. समुद्रातल्या एका लहानशा बेटावर नवरा, बायको आणि त्यांची दोन मुले एवढेच कुटुंब राहते. बेटावर गोडे पाणी नाही. दोघे पहाटे होडी वल्हवत पलीकडच्या किनाऱ्यावर जातात, बादल्या भरतात, परत येतात आणि खांद्यावर कावड घेऊन उभा चढ चढत शेतापर्यंत पोहोचतात. तिथे ते पाणी पळीपळीने एकेका रोपाच्या बुडाशी ओततात, आणि कोरडी माती ते तत्क्षणी पिऊन टाकते. हे एकदा दाखवून दिग्दर्शक पुढे जात नाही, तो हीच खेप पुन्हा पुन्हा दाखवतो. त्यामुळे थोड्याच वेळात आपण त्या बाईच्या पायांकडे श्वास रोखून पाहू लागतो. एकदा चढावर तिचा पाय घसरतो आणि एक बादली सांडते. नवरा खाली येतो आणि तिच्या थोबाडीत मारतो. नंतर दोघेही एक शब्द न बोलता उरलेले पाणी वर नेतात. ती चपराक पाहवत नाही आणि तिचे समर्थनही करता येत नाही, पण त्या घरात एका बादलीची किंमत काय आहे हे त्या क्षणी जितके कळते तितके कुठल्याही भाषणातून कळले नसते. उत्तरार्धात या कुटुंबावर मोठा आघात होतो आणि तीच बाई जाणूनबुजून पाणी ओतून देते. त्याविषयी अधिक सांगत नाही. अमळनेर-पारोळ्याकडे टँकरची वाट पाहिलेल्या किंवा रावेर-यावलकडे केळीसाठी बोअर खोल खोल जाताना पाहिलेल्या माणसाला या चित्रपटाची ओळख करून द्यावी लागत नाही. १९६१ साली मॉस्कोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता, तरी आपल्याकडे त्याचे नाव क्वचितच कोणी घेतो.

दुसरा चित्रपट आपल्या शेजारचा आहे. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असले तरी १८६९ साली तो जिल्हा निर्माण होण्यापूर्वी हा भाग खान्देशातच होता, आणि त्या तालुक्यात अहिराणी आजही ऐकू येते. तिथल्या हौशी चित्रपट निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी २००८ साली ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. माहितीपट म्हटले की लोक टाळतात. पण हा तासाभराचा आहे, भाषा समजणारी आहे आणि वडील तो शेवटपर्यंत पाहतील याची मला खात्री वाटते. गाव यंत्रमागांचे, शुक्रवारी माग बंद आणि त्या दिवशी सिनेमा हाच विरंगुळा. व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख आधी ‘मालेगाव के शोले’ करतात आणि मग त्यांच्या मनात मालेगावचा सुपरमॅन येतो. नायक शफीक हा यंत्रमागावरचा किरकोळ अंगाचा कामगार. त्याला आडवे बांधून उडताना दाखवायचे, पार्श्वभूमीला हिरवा कपडा ताणायचा, कॅमेरा उंच न्यायला बैलगाडीचा उपयोग करायचा, असे सगळे चालते. मध्येच एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो, आणि त्या वेळी सगळ्यांच्या चेहऱ्यांवर जे दिसते ते कुठल्याही अभिनेत्याला साधले नसते.

लोक हा माहितीपट गंमत म्हणून पाहतात, याचे मला वाईट वाटते. त्यात हसू भरपूर आहे, पण दिग्दर्शिका या माणसांना कुठेही हसत नाही. दिवसभर मागाच्या खडखडाटात उभा राहणारा माणूस उरलेल्या वेळात पदरचे पैसे घालून काहीतरी घडवतो आहे, आणि ते चांगले व्हावे म्हणून जीव तोडून भांडतो आहे, हे ती अतिशय आदराने दाखवते. शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगाने वारला. हे ठाऊक असताना त्याची उड्डाणे पाहणे फार जड जाते. या मंडळींवर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट २०२४ साली आला आणि त्याचे कौतुकही झाले. तरी माझा आग्रह आधी मूळ माहितीपट पाहण्याचा आहे.

कपाशीचा विषय निघालाच आहे तर सतीश मनवर यांचा २००९ सालचा ‘गाभ्रीचा पाऊस’ राहून जाता कामा नये. कथा विदर्भातली आहे, पण पाऊस लांबला की शेतकऱ्याच्या घरात जे वातावरण होते ते दोन्हीकडे एकच. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर आपल्याही नवऱ्याच्या मनात तेच येईल या धास्तीने अलका आपल्या लहान मुलाला बापाच्या मागे मागे फिरायला सांगते. किसनाला बिचाऱ्याला कळतच नाही की पोरगा आपली पाठ का सोडत नाही. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष या तिघांनी हे इतके साधेपणाने केले आहे की अशा विषयावरच्या चित्रपटात आपण बऱ्याचदा हसतो आणि हसल्यावर मनात कालवाकालव होते. मात्र वडिलांना हा दाखवावा की नाही, हे आपण ठरवा. यंदा पीक हातचे गेले असेल किंवा घरात कर्जाची चिंता असेल, तर तो आधी एकट्याने पाहावा, कारण त्याचा शेवट सोपा नाही.

‘धग’ हा शिवाजी लोटन पाटील यांचा चित्रपट. ते आपल्या खान्देशातले. २०१२ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा आणि उषा जाधव यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा सन्मान मिळाला. तरीही आपल्याच भागात तो पाहिलेली माणसे मला फार थोडी भेटली. स्मशानात प्रेते जाळण्याचे काम पिढ्यानपिढ्या करणाऱ्या घरातल्या मुलाला ते काम करायचे नाही, एवढेच कथासूत्र आहे. काही प्रसंगांत करुण रस वाजवीपेक्षा जास्त ताणला आहे असे माझे मत आहे, परंतु उषा जाधव यांनी उभी केलेली आई या सगळ्याच्या वर उरते.

घरातल्या सर्वांना एकत्र बसवायचे असेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००९ सालचा ‘एक कप च्या’ बिनधास्त लावा. कोकणातल्या एका एसटी कंडक्टरच्या घरी विजेचे अवाच्या सवा बिल येते, आणि तो माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून त्याचा पाठपुरावा करतो. किशोर कदम यांचा कंडक्टर पाहताना आपल्या रोजच्या गाडीतला एखादा कंडक्टर हमखास आठवेल.

शेवटचा चित्रपट माझ्या नेहमीच्या कसोटीत पुरता बसत नाही, आणि मल्याळम असल्यामुळे तो आपल्याला एकट्यानेच पाहावा लागेल. जी. अरविंदन यांचा १९८५ सालचा ‘चिदंबरम’. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची कन्या म्हणून स्मिता पाटील यांचा अभिमान आपण सगळेच बाळगतो, पण ‘उंबरठा’ आणि ‘जैत रे जैत’ यांच्यापलीकडे फारसे जात नाही. इथे त्या केरळच्या डोंगरातल्या गुरांच्या फार्मवर नवऱ्यासोबत आलेली तमिळ नववधू आहेत, आणि जवळपास सगळी भूमिका त्यांनी नजरेने केली आहे. तिथल्या फुलांकडे आणि धुक्याकडे ही मुलगी ज्या नवलाने पाहते, ते दिग्दर्शक घाई न करता दाखवतो. सुरुवातीचा अर्धा तास काहीच घडत नाही असे वाटेल, पण तो पुढे ढकलू नका, कारण नंतर जो अपराध घडतो त्याचे बीज त्याच संथ भागात पेरलेले आहे.