नाग नदीचे पाणलोट क्षेत्र जपणे का आवश्यक आहे?

शहरात नाग नदीचा नाला झालेला असताना तिच्या पाणलोट क्षेत्राची काळजी कशासाठी घ्यायची, असा आपला प्रश्न आहे. ही नदी नागपूरच्या पश्चिमेला लाव्हा परिसरातील टेकड्यांमध्ये उगम पावते आणि तिकडच्या उतारांवर पडलेला पाऊस अंबाझरी तलावात उतरून मगच शहरात येतो. त्या उतारांवर गवत आणि झुडपे असली की पाण्याचा वेग मोडतो, बरेचसे पाणी जमिनीत मुरते आणि विहिरींना उन्हाळ्यापर्यंत आधार मिळतो. तेथे सिमेंट चढले की तेच पाणी माती घेऊन एकदम धावत सुटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि लगतच्या वस्त्यांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर लोक घमेल्यांनी घराबाहेर काढत असलेला तो काळा, चिकट गाळ अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. शिवाय नाग पुढे कन्हानला आणि कन्हान वैनगंगेला मिळत असल्याने आपले सांडपाणी गोसीखुर्द धरणापर्यंत जाते, ज्याच्या पाण्यावर शेती आणि मासेमारी चालते. म्हणून माझ्या मते काठांच्या सुशोभीकरणाआधी उगमाकडील ओढे अतिक्रमणापासून मोकळे ठेवावेत आणि सांडपाणी नदीत मिसळण्यापूर्वीच अडवून शुद्ध करावे.